परीक्षेची भीती आणि केसपेपरची खिडकी

व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) टेबलावर हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, पाठ असलेलं उत्तर आठवत नाही. यावर उपचार आहेत आणि एमबीबीएसच्या पोरांना ते पुस्तकातून माहीतही असतात. लातूर पॅटर्नमधून (लातूरच्या क्लासेसच्या घोटून घेणाऱ्या पद्धतीतून) रट्टा मारून आलेल्यांनाही हे होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घोडं पेंड खातं ते केसपेपरच्या खिडकीवर. तिथला राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मेडिकल कॉलेजचा दवाखाना आपलाच, ही सोय वाटते. मानसोपचारासाठी तीच अडचण. "कोणता विभाग?" हा प्रश्न खिडकीतून एवढ्या मोठ्यानं येतो की अख्ख्या रांगेला कळतं. रांगेत ओळखीच्या सिस्टर असतात, मेसवाले काका असतात. ओपीडीत हिस्टरी (आजाराची माहिती) घ्यायला इंटर्न, म्हणजे नुकताच पास झालेला शिकाऊ डॉक्टर, आणि तो आपल्याच हॉस्टेलचा. फायनलच्या पोरांची आणखी पंचाईत, कारण मानसोपचार हा मेडिसिनच्या परीक्षेचाच भाग. आज ज्या सरांना "झोप लागत नाही" म्हणून सांगायचं, तेच उद्या परीक्षक म्हणून समोर बसू शकतात. वर ओपीडी सकाळची, म्हणजे नेमकी क्लिनिकल पोस्टिंगच्या (वॉर्डात शिकण्याच्या) वेळेची. प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते, म्हणून बुडवायलाही जीव धजावत नाही. हे कुणी मुद्दाम केलंय असं नाही, पण विद्यार्थीही आजारी पडतो हे कुणाच्या ध्यानातच आलेलं नाही.

तरी वाटा आहेत. आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) क्यूआर कोड लावलेला असेल तर मोबाइलवर स्कॅन करून टोकन घ्या. निदान खिडकीशी नाव-पत्ता ओरडून सांगणं वाचतं. त्याहून बरं म्हणजे विभागातल्या एखाद्या सिनिअर रेसिडेंटला (तिथल्या वरिष्ठ निवासी डॉक्टरला) आधी भेटून ओपीडी संपल्यानंतरची वेळ मागणं. "हिस्टरी इंटर्ननं घेऊ नये" असं सरळ सांगता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम 23 नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि आपण तिथं रुग्ण म्हणूनच जातो. तरीही संकोच वाटला तर जिल्हा बदला: अंबाजोगाईच्या पोरानं लातूर गाठावं, लातूरच्यानं नांदेड. एसटीनं जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. आणि 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्री दोनलाही चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एकदा आत गेलं की पुढचं सोपं. चिंता किती आहे ते मोजायला जीएडी-7 म्हणून सात प्रश्नांची यादी असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. 21 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी करतात. धडधड थायरॉईडमुळे किंवा रक्त कमी असल्यामुळे नाही ना, हेही बघतात.

जायचं ते प्रिलिमच्या आधी. एसएसआरआय गोळ्यांचा (चिंता-नैराश्यावर देतात त्या) गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला बेचैनी उलट वाढू शकते. परीक्षा आठ दिवसांवर आल्यावर सुरू केलेली गोळी नेमकी पेपरच्या वेळी त्रास देते.

प्रोप्रानोलॉल हे धडधड कमी करणारं औषध हॉस्टेलमध्ये खडीसाखरेसारखं वाटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. त्यानं थरथर आणि धडधड थांबते; न वाचलेला भाग आठवत नाही. दम्याच्या माणसाला ते घातक, कारण श्वासनलिका आकसतात. डॉक्टरांनी दिलंच तर पहिली गोळी एखाद्या साध्या दिवशी घेऊन बघावी, कारण नाडी आणि बीपी उतरून चक्कर येऊ शकते. रूममेटकडची अल्प्राझोलाम ही गुंगीची गोळी तर नकोच. तिनं झोप येते, पण नवं वाचलेलं डोक्यात राहत नाही.

लॉन्ग केसची (परीक्षेत रुग्ण तपासून सविस्तर मांडायचा असतो, त्याची) पहिली दोन वाक्यं (नाव, वय, गाव, व्यवसाय, तक्रारी कालक्रमानं) मोठ्यानं म्हणून तोंडात बसवा. मनातल्या मनात वाचलेलं एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) जिभेवर येत नाही. बाहेर बाकावर थांबलेले असताना, आतून आलेल्याला "काय विचारलं?" म्हणून घेरू नका. त्यापेक्षा चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाचेक मिनिटं.

आणि रात्री दोनचा चहा बंद करा. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सकाळी सातलाही अर्धं अंगात असतं, वर झोप गेली ती वेगळीच.