बाराबंदीला बटणं?

आज भाच्यानं मोबाईल पुढं केला, "मामा, बघ, गड्ड्याचा फोटो. एआय मशीननं काढलाय बे!" सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज, गर्दी, तलाव, सगळं होतं. फक्त बाराबंदीला शर्टासारखी बटणं! अरे, बंद बांधतात म्हणून तर ती बाराबंदी.

हसलो, पण उजेड ओळखीचा वाटला. अक्षता सोहळ्याचे माझे फोटो कित्येक वर्षं नेटवर उघडे पडलेत. त्यातलेच या मशीनला शिकवायला गेले असतील का? सिद्ध करता येणार नाही. एआयला शिकवायला केलेल्या २०२२ च्या लायन-५बी या एकाच संग्रहात ५८५ कोटी चित्रांच्या लिंका, चित्राखालच्या वर्णनाच्या ओळींसकट. विचारलं कुणाला?

दुपारभर दुकानात त्यावरचा उपाय करून बघत बसलो. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी नाइटशेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर काढलंय, जानेवारी २०२४ पासून. फोटोत डोळ्याला फारसे न दिसणारे बदल करतं. आपल्याला गाय दिसते, शिकणाऱ्या एआय मॉडेलला चामड्याची पर्स! त्यांचंच ग्लेझ हे दुसरं सॉफ्टवेअर मुख्यतः चित्रकारांची शैली एआयपासून झाकायला.

नाइटशेड एका फोटोवर लावलं. माझा जुना कॉम्प्युटर इतका घरघरला की चहा पिऊन आलो तरी चालूच. झूम केल्यावर म्हाताऱ्या मानकऱ्याच्या गालावर बारीक लाटा. गिऱ्हाइकाला दिसणार नाहीत. मला दिसतात, आणि खुपतात.

आधी उचललेले काही परत येत नाहीत. तरी आजपासून नेटवर लहान साइज, मोठी फाइल हार्डडिस्कवर. भाच्याला खरी बाराबंदी दाखवली. म्हणाला, "बंद मोजू का?"