सिप्पीघाटचं पाणी उतरत का नव्हतं

खारभूमीचं काम करणाऱ्याला समुद्राचं पाणी शेतात शिरणं नवं नसतं. आमच्या रायगड-रत्नागिरीकडे उधाणाला बांध फुटतो, खांड पडते, खाचरं खाऱ्या पाण्यानं भरतात. गावकरी जमून खांड बुजवतात, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी बाहेर काढतात, आणि एकदोन चांगले पावसाळे गेले की जमीन पुन्हा भाताला येते. मार्च २००५ मध्ये त्सुनामीनं नासलेल्या शेतजमिनी पाहायला दक्षिण अंदमानला गेले, तेव्हा एवढी शिदोरी माझ्याजवळ होती. पण सिप्पीघाटला जे पाहिलं, तसं कोकणात कुठेच पाहिलं नव्हतं.

सिप्पीघाट पोर्ट ब्लेअरपासून जवळच आहे. खाडीकाठी सपाट भातखाचरं आणि वर उतारावर नारळ-सुपारीच्या बागा, असा तो मुलूख. बेटांवर बरीच शेतकरी कुटुंबं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेली. ज्यांच्या शेतावर आम्ही दिवसभर थांबलो ते काका अशाच कुटुंबातले. सगळी बेटं बोलतात त्या हिंदीत ते आमच्याशी बोलत होते.

२६ डिसेंबर २००४ चा रविवार, मार्गशीर्ष पौर्णिमा. सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हादरली. काकांचं भात उभं होतं. सी-१४-८ ही ब्रह्मदेशातून आलेली उंच, उशिरा तयार होणारी जात तिथे वर्षानुवर्षं लावतात. डिसेंबर-जानेवारीत तिची कापणी होते. तासाभराच्या आत खाडी फुगायला लागली. फेसाळती भिंत वगैरे त्यांनी पाहिली नाही. पाणी नुसतं चढत राहिलं, थांबेचना. मग झपाट्यानं ओसरलं, जाताना कुंपण, होडी, भाताच्या पेंढ्या ओढून घेऊन गेलं, आणि थोड्या वेळानं परत आलं. दुपारपर्यंत हेच चालू होतं.

त्यांचं हे वर्णन अगदी खरं आहे. वाऱ्याच्या लाटेची एक फेरी काही सेकंदांत संपते, तर त्सुनामीच्या एका फेरीला दहा मिनिटांपासून तासभर लागतो. खोल समुद्रात तिची लांबी शेकडो किलोमीटर असू शकते, म्हणून किनाऱ्यावर ती आली की कितीतरी मिनिटं समुद्रच आत सरकत राहतो. पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असं नाही. ओसरलेलं पाहून माणसं सामान घ्यायला खाली उतरतात आणि दुसरीत सापडतात. लाटांची ही मालिका तासन् तास चालते. गोव्यात मुरगाव बंदरातल्या भरतीमापकानंही त्या दिवशीचे चढउतार टिपले होते, आणि ते बंदर तर भारताच्या दुसऱ्या अंगाला आहे.

म्हणजे जिवावर बेतणारं पाणी काही तासांचं. नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर तेवढ्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. सखल जागी अडकलेलं पाणी आणखी काही दिवस, फार तर काही आठवडे राहतं. मीठ त्यापुढे राहतं. या तिन्ही गोष्टींची तयारी करून आम्ही सिप्पीघाटला पोचलो होतो, आणि अडीच महिने उलटून गेले तरी काकांच्या खाचरात गुडघाभर पाणी होतं.

“मॅडम, नाला खोद दिया, मोरी साफ किया, फिर भी पानी नहीं उतरता,” ते म्हणाले. कुठेतरी गाळ किंवा ओंडके अडकले असावेत, वाट मोकळी केली की पाणी निघून जाईल, असं सगळ्या वस्तीला वाटत होतं. काठावर मोडकी झाडं, पत्रे, जाळी यांचा ढीग पडलेला दिसत होता, तेव्हा तसं वाटणं साहजिकच होतं. त्यांनी स्वतः राबून चर खणला होता. चरातून पाणी बाहेर गेलं नाही. उलट भरतीला जास्तच आत यायला लागलं.

तो दिवस अमावास्येचा होता, म्हणजे उधाणाचा. उजाडताच आम्ही पाण्याची उंची मोजायच्या दोन पट्ट्या रोवल्या, एक खाचरात, एक बाहेर खाडीत, आणि ठरावीक अंतरानं वाचत बसलो. काका शेजारी उभे राहून प्रत्येक आकडा विचारत होते. पाणी खरोखर अडकलेलं असतं तर खाडी उतरल्यावरही खाचरातली पातळी तशीच राहिली असती. पण दोन्ही पट्ट्यांवर पाणी बरोबरीनं चढलं. सकाळच्या भरतीला ते खाचर ओलांडून सुपारीच्या बुंध्यांपर्यंत गेलं, रस्त्यावरही पसरलं. दुपारच्या ओहोटीला बरोबरीनंच उतरलं. चिखल उघडा पडला, तासदोन तास तसाच राहिला, आणि परत पाणी यायला लागलं. खाचरात पुराचं पाणी नव्हतंच. तो समुद्र होता, रोजचा, दिवसातून दोनदा येणारा.

याला कारण समुद्र नाही, जमीन आहे. त्या भूकंपात सुमात्रापासून उत्तर अंदमानपर्यंत बाराशे किलोमीटरहून लांब भेग सरकली. उत्तर अंदमानचा काही भाग वर उचलला गेला, तिथे प्रवाळ उघडे पडून मेले. दक्षिणेकडची बेटं खचली. ग्रेट निकोबारच्या टोकाला, इंदिरा पॉइंटला जमीन चार मीटरहून अधिक खाली गेली आणि दीपगृहाचा पाया पाण्यात आला. पोर्ट ब्लेअरचा परिसर साधारण एक मीटर खचला. एक मीटर ऐकायला कमी वाटतं. पण मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी साडेचार मीटरांच्या आसपास खेळते, तर पोर्ट ब्लेअरला जेमतेम दोन मीटर. त्यातला एक मीटर गेला म्हणजे काल भरतीरेषेच्या वर असलेलं खाचर आज भरती-ओहोटीच्या मधोमध.

मोजणीच्या माणसाला इथे एक पेच पडतो, तो सांगायलाच हवा. उंची मोजायची तर आपण जवळच्या मोजणीच्या खुणेच्या दगडापासून मोजतो. पण तो दगडही शेताबरोबरच खाली गेलेला! त्याच्यापासून मोजलं तर काहीच बदललेलं नाही असं दिसतं. खचल्याची साक्ष फक्त पाणी देतं. म्हणून आम्ही खाडीतले जुने खांब पाहिले. कालवं आणि शिंपले जिथवर चिकटतात ती जुनी रेषा ओहोटीलाही वर यायची थांबली होती. कांदळवनाचीही तीच गत होती. खारं पाणी हेच ज्यांचं घर ती झाडं पिवळी पडली होती, कारण श्वास घेणारी मुळं आता उघडीच पडत नव्हती. कांदळ बुडून मरताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

काकांना सांगणं बाकी होतं. आमच्यातल्या काहींचं मत पडलं की आत्ता काही बोलू नये, अहवाल जाऊ दे. मला ते पटलं नाही. तो माणूस रोज चर उपसत होता आणि त्यासाठी मजूर लावत होता. येत्या पावसाळ्यासाठी बियाणंही त्यानं सांगून ठेवलं होतं. आणखी एक हंगाम वाट पाहायला लावणं म्हणजे उरलेलंही घालवायला लावणं. दोन्ही पट्ट्यांचे आकडे दाखवून मी सांगितलं, “दादा, पानी नहीं चढ़ा है. ज़मीन नीचे गई है.”

ते बराच वेळ पट्टीकडे बघत होते. मग विचारलं, “पूरी?”

त्या एका प्रश्नावर उरलेला दिवस गेला. पूर्ण नाही, पण कुठवर, ते नक्की करायला हवं होतं. भरतीनं सोडलेल्या ओल्या रेषेवर काकांनी स्वतः खुंट्या मारल्या. वरची खाचरं अशी, की तिथे पाणी त्सुनामीच्या दिवशी आलं आणि परत आलंच नाही. मधली खाचरं उधाणाला बुडत होती आणि भांगाला, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, कोरडी राहत होती. खालचा तुकडा रोज पाण्यात.

वरची माती आम्ही तपासली. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे मिठाचं माप, चार डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. भाताला तर तीनपासूनच त्रास सुरू होतो. समुद्राचं पाणी पन्नासच्या घरात असतं. वरच्या खाचरांत वाहकता मर्यादेच्या कितीतरी पुढे होती, पृष्ठभागावर पांढरी पापुद्री धरली होती. तरी मला त्या जमिनीची काळजी वाटली नाही. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बांध धरून पाऊस साठवायचा, मीठ विरघळू द्यायचं, पाणी सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. हे आम्हाला येतं.

मधल्या पट्ट्यालाही उपाय होता. बाहेरच्या बाजूनं बांध आणि त्याला एकाच दिशेनं उघडणारी झडप, म्हणजे आपली उघाडीच. किंवा माती ओढून रुंद, उंच वाफे करायचे, त्यावर भाजी घ्यायची, आणि मधल्या चरांत मासे सोडायचे. खालच्या तुकड्याला मात्र बांध घालू नये, असं मी स्पष्ट लिहिलं. ओहोटीलाही जिथलं पाणी नीट निघत नाही, तिथे बांध घातला तर आत पावसाचं पाणी कोंडतं आणि खर्च दरवर्षी वाढत जातो.

नुकसानीच्या तक्त्यात एक रकाना होता, ‘पाणी किती दिवस होते’. वरच्या खाचरांपुढे आम्ही एक दिवस लिहिला. खालच्या तुकड्यापुढे ‘कायम’ लिहिलं, आणि हे पिकाचं नव्हे, जमिनीचं नुकसान आहे अशी वेगळी टीप जोडली. पीक गेलं तर वर्षाची कमाई जाते. इथे दोन पिढ्यांनी जंगल तोडून केलेली जमीनच गेली होती. दोन्हींची भरपाई एकाच हिशेबानं होऊ नये, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

त्या पावसाळ्यानं वरच्या जमिनीतलं मीठ बरंच धुऊन नेलं. पुढे काकांनी तिथे भात लावलं, पण सी-१४-८ नाही, खारं सहन करणारी जात. मधल्या पट्ट्यात बांध-झडपेसाठी शेजाऱ्यांसह मागणी केली. चर उपसणं त्यांनी त्याच संध्याकाळी थांबवलं होतं. खालच्या तुकड्याच्या बदल्यात जमीन मिळावी म्हणून जो अर्ज केला, त्याला त्यांच्याच खुंट्यांवरून काढलेला आमचा नकाशा जोडला.