वर्षातनं एकदाच येणारी ओहोटी

रविवार, होळीच्या अलीकडचा

आज सव्वासहाला सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर पोचलो. लिहायला सोपं आहे, पण मनूला उठवायचं, आप्पांचा चहा दोन वेळा व्हायचा, आईचे गुडघे शेकायचे, नवऱ्याला गाडीची किल्ली सापडायची (दाराच्या खिळ्यालाच असते, रोज), आणि मग कुठं तुळजापूर रोड. फेब्रुवारीपासनं दर रविवारी जातोय. शेजारच्या काकू विचारतात, एवढं काय ठेवलंय तिथं? म्हटलं काही नाही हो, पाणी आहे.

मूळ कारण मनू. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला गेलो तेव्हा भाट्याच्या किनाऱ्यावर तिनं पहिल्यांदा समुद्र बघितला. सकाळी चपला काढून ठेवल्या तिथपर्यंत पाणी आलं, एक चप्पल तरंगत निघाली, ती धरायला नवरा पँटसकट आत. आणि दुपारी जेवून येतोय तर समुद्र पार लांब गेलेला, ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या करून रांगोळ्या घातलेल्या. मग तिला सांगितलं की भरती-ओहोटी दिवसातनं दोनदा होते, रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा होत जाते, चंद्र ओढतो वगैरे. तेव्हापासनं पाणी दिसलं की हिचा एकच प्रश्न. कंबर तलाव बघितला, ओहोटी कधी? सिद्धेश्वर तलाव, ओहोटी कधी? पार्क चौपाटीला पावभाजी खायला नेलं तर म्हणे चौपाटी आहे तर पाणी कुठंय. आमच्या गच्चीवरच्या टाकीची भरती-ओहोटी मात्र तिला पाठ आहे, नळ येईल त्या दिवशी भरती, मग चार दिवस ओहोटी.

तर हिप्परग्याला पहिल्यांदा आलो तेव्हाही तिनं विचारलंच, आणि मी शाळेतल्या बाईसारखी सुरू झाले की तलावाला ओहोटी नसते, समुद्र केवढा, तलाव केवढा, अमुक तमुक. आप्पा बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "असती की. दिवाळीपासनं लागलीय. मिरगापर्यंत चालतीय."

मी गप्पच. चाळीस वर्षं सोलापुरात राहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

खरंच की. सप्टेंबर-ऑक्टोबरात तलाव काठोकाठ असतो आणि मग जून उजाडेपर्यंत पाणी फक्त मागंच सरकत राहतं, थोडं शहर पितं, थोडं शेतं पितात, उरलेलं ऊन पितं. मनूनं त्या दिवसापासनं मोजायलाच घेतलंय. दर रविवारी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचा, खडूनं तारीख घालायची आणि मागच्या दगडापासनं तिच्या पावलांनी अंतर मोजायचं. पहिल्या आठवड्यात 6, नंतर 7, मग 9. आज 12. ऊन वाढलंय हे मला पंख्याच्या बिलावरनं कळतं, तिला दगडावरनं.

पक्ष्यांचं राहिलंच. दुर्बीण एक, माणसं पाच, त्यामुळं अर्धा वेळ "आता मी, आता मी" यातच जातो. पट्टकदंब हंस मागच्या रविवारपर्यंत होते, डोक्यामागं दोन काळे पट्टे असलेले, समोरच्या काठावर गवत उपटत बसायचे. हे हिमालय ओलांडून येतात हे मनूला सांगितल्यावर तिनं एकाकडं बराच वेळ बघून विचारलं, "मग एवढा जाड कसा काय?" (बरोबरच आहे, परतीसाठी चरबी साठवतात.) आज एकही नाही. कधी गेले कुणी बघितलं नाही, निरोपबिरोप काही नाही. थापट्या बदकंही निम्म्यावर आलीत. शेकाट्या मात्र गुलाबी काड्यांवर चालल्यासारखा चिखलात फिरत होता, त्याला काय, पाणी जितकं उथळ तितकं बरं.

आईला पक्ष्यांत फारसा रस नाही, ती धपाट्यांचा डबा आणि आमच्या चपला सांभाळते. पण आज तिनं दुर्बीण मागून घेतली कारण आप्पा म्हणाले, बघ तुझे वारकरी आलेत. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला तो पाणपक्षी, त्याला आपल्याकडं वारकरी म्हणतात. आईनं पंढरीच्या चार वाऱ्या चालत केल्यात. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "गोपीचंदन बरोबर लावलंय, पण नुसतं भांडूलालेत बघ एकमेकांशी." ते खरंच भांडत होते.

मंगळवार

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना. शहराच्या कडेनं मोठा थवा पश्चिमेकडं गेला, मध्येच सगळा थवा वळला आणि कुणीतरी आभाळात चादर झटकल्यासारखी एक लाट या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेली. आता आमचं गाव चादरींचं, म्हणून मला चादरच दिसणार. सगळी हिवाळाभर ज्वारीवर ताव मारतात, शेतकरी गोफण घेऊन मचाणावर, शिव्या देत. पण त्याच शेतातले टोळ आणि नाकतोडेही खातात, ते कुणी हिशोबात धरत नाही. आता ज्वारी निघाली, पळस आणि पांगारा फुललाय, त्याचा मध पिऊन जाड होतील आणि एप्रिलमध्ये मध्य आशियाकडं रवाना.

रंगपंचमी

आज कुठं जाणार. मनू नारिंगी रंगात बुडवून काढल्यासारखी घरी आली, फक्त डोकं तेवढं जरा फिकट. नवरा म्हणाला चक्रवाक झालाय (नारिंगी अंगाचं, फिकट डोक्याचं बदक). तिला चक्रवाक कोण ते माहीत होतं म्हणून ती खूश. दोन वेळा अंघोळ, तरी कानामागं रंग आहेच.

शनिवार

आज मोठी सहल झाली, आता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि पायाला अजून गाळाचा वास आहे. पहाटे साडेचारला निघून टेंभुर्णी, तिथनं जेऊर आणि पुढं केत्तूरच्या बाजूला, उजनीच्या बॅकवॉटरला. रोहित (फ्लेमिंगो) बघायचे होते. आणि आप्पांना त्यांच्या आत्याचं धरणात बुडालेलं गाव.

उजनी म्हणजे आमच्यासाठी पाणी कमी आणि बातमी जास्त. भीमेवरचं धरण, 1980 ला पूर्ण झालं, 117 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या खालचं पाणी, तिथवर उतरलं की मायनस मोजतात. म्हणून सोलापुरात उन्हाळा कसा कळतो तर पेपरात येतं, उजनी मायनसमध्ये. मनूला विचारलं तर ती म्हणेल थर्मामीटर मायनसमध्ये गेला की बर्फ पडतो, इथं उजनी मायनसमध्ये गेली की टँकर येतो.

तिथं पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पाणी मागं हटून मैलभर गाळ उघडा पडलेला, वरच्या अंगाला लोकांनी गाळपेर केलेली, मका नि कडवळ कमरेएवढं, आणि खाली जिथं चिखल अजून चमकतो तिथं रोहित. मनूचा आधी हिरमोड झाला. "हे तर पांढरे आहेत!" लांबनं पांढरेच दिसतात हो, मान चिखलात घालून चोच उलटी धरून उभे असतात, पायानं थयथय करून गाळ ढवळतात आणि ते पाणी चोचीत गाळून काढतात, म्हणून त्यांना उथळ पाणीच लागतं, भरलेल्या धरणात ते काय करणार. तेवढ्यात होडीवाल्यांनी इंजिन सुरू केलं आणि पलीकडचे पंधरा-वीस उडाले. पंख उघडले आणि आतनं एकदम लाल-गुलाबी. मनू काहीच बोलली नाही, नुसतं माझं मनगट आवळलं, नखाची खूण आत्ताही आहे. अग्निपंख असं का म्हणतात ते सांगायची गरज पडली नाही.

कच्छकडनं येतात म्हणे. त्यांच्यात काही करडे, मळकट होते, ती पिल्लं, गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. खाण्यातनंच रंग चढतो.

आप्पा त्या वेळी रोहितांकडं बघतच नव्हते. ते हातानं काहीतरी मापत होते, एक डोळा मिटून, लहानपणी पतंग कुठं पडला ते बघायचे तसं. मग म्हणाले, "ती पाखरं हायत ना, त्यांच्या डाव्या अंगाला, तिथं आत्याची विहीर. आणि पाखरं उभी हायत ते तिचं रान. ज्वारी लय व्हायची." आत्या उठून गेली तेव्हा आप्पा बारा-तेरा वर्षांचे. घराचे वासे, दारं, उंबरासुद्धा बैलगाडीत घालून नवीन गावठाणात नेला, असं त्यांनी सांगितलं. उंबरा का, मनूनं विचारलं. "तेवढाच सागवानी होता," आप्पा म्हणाले. मला वाटलं होतं काहीतरी वेगळं सांगतील.

विहीर काही दिसली नाही. पाणी अजून तेवढं उतरलं नव्हतं. दुर्बिणीतनं एक काळी रेघ दिसत होती, ती विहिरीचा कठडा असंल किंवा बाभळीचं खोड असंल. आप्पांनी बघितलं, दुर्बीण परत दिली, आणि मग जरा वेळानं परत मागितली.

नंतरचा तमाशा नवऱ्याच्या नावावर. जवळनं फोटो हवा म्हणून गाडी खाली घेतली. आप्पा नको म्हणत होते. वरनं गाळ इतका कडक वाळलेला की पापड उन्हात टाकल्यासारखे तुकडे पडलेले, कडा वर वळलेल्या, त्यावर बगळ्याच्या पायाचे ठसे छापून पक्के झालेले. पण खाली खीर. पुढची दोन्ही चाकं गेली, मग उकरून उकरून आणखी गेली. एक होडीवाले काका आले, गाडीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, म्हणाले, "धरण हाय ते पाव्हणं." तासाभरानं केळीचा एक ट्रॅक्टर आला आणि दोरी लावून ओढलं. पैसे घेईनात. आईनं उरलेली धपाटी आणि शेंगाचटणीची अख्खी बरणी दिली, ती मात्र घेतली. परत येताना नवरा टेंभुर्णीपर्यंत एक अक्षर बोलला नाही, आणि आम्ही तिघी मागं हसू दाबत.

रविवार, पाडव्यानंतरचा

एप्रिलचं ऊन आत्ताच लागायलंय, साडेआठला बांधाचा दगड हाताला चटकतो. भोरड्या गेल्या. वारकरी आहेत थोडे, काही इथंच राहतात. वेडे राघू तारेवर, तांबटाचं टुक टुक कुठनं येतंय कळत नाही पण दिवसभर असतं.

आज हिप्परग्याला भांडण. मनूचे दगड जागेवर नव्हते! पाण्यानं मोकळी केलेली पट्टी कुणीतरी नांगरून कडवळ टाकलंय, आणि एवढ्या आठवड्यांचे दगड गायब. "माझी ओहोटी मोडली" म्हणून डोळ्यांत पाणी. तेवढ्यात डोक्यावर टिटवी, टिटिव टिटिव करत अशी झेपावली की आप्पांनी टॉवेल डोक्यावर घेतला. मग दिसलं. नांगरलेल्या रानात मधोमध खाटेएवढा तुकडा नांगरायचा सोडून दिलेला, आणि त्याच्या कडेनं मनूचेच दगड गोल मांडलेले, एकावर अजून खडूची 9 तारीख वाचता येत होती. आत खड्यांमध्ये चार अंडी, मातकट, काळे डाग, चारींची टोकं आतल्या बाजूला. दोन फुटांवरनं बघितलं तरी खडेच वाटतात. आप्पा लगेच, ढेकळावर उंचावर घातलीत, चार हायत, चारी महिने पाऊस. मला हे पटत नाही. पण ते ऐकून आईनं हात जोडले, म्हणून मी काही बोलले नाही.

आम्ही लांब बाभळीखाली जाऊन बसलो तेव्हा टिटवी परत आली, पण सरळ अंड्यांवर नाही. आधी पाण्याकडं गेली, उथळ पाण्यात बसून पोट भिजवलं, आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसली. उन्हात अंडी थंड ठेवायला करतात हे मी वाचलेलं, बघितलं पहिल्यांदा. वीस मिनिटांनी परत तेच. मनूचं रडं कधी थांबलं कळलं नाही.

उठताना ती म्हणाली थांबा, आणि टिटवीला उठवायला नको म्हणून लांबनं वळसा घालून, पाण्यापर्यंत पावलं मोजत गेली. आली, आणि माझ्याकडं न येता आप्पांकडं गेली.

"61. पुढच्या रविवारी हिला अजून लांब जायला लागणार ना?"

आप्पा म्हणाले, "तवर फुटतील अंडी," आणि टॉवेल झटकून गाडीकडं निघाले.