लडिंग्टनचे दोन दिवस : डाउनरिगरच्या तंगुसावरचा दुसरा स्पून

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे शिकागोहून मिशिगन राज्यातल्या लडिंग्टनला गेलो, ते मुख्यतः एक गोष्ट नीट शिकून घेण्यासाठी. चालत्या बोटीमागे डाउनरिगरवर (आमिष ठरावीक खोलीला नेणाऱ्या साधनावर) सॅमन धरताना मूळ आमिषाच्या वर, त्याच तंगुसावर, घसरणारे एक जादा आमिष लावतात. तिथले लोक त्याला ‘स्लायडर’ किंवा ‘चीटर’ म्हणतात. गेल्या वर्षी आम्ही ते पाहून पाहून लावले होते आणि एकही मासा हाती आला नव्हता. (नायलॉनच्या दोरीला आमच्या कोकणात तंगूस म्हणतात, इथेही मी तोच शब्द वापरतो, कारण गळाला हात लावला की मला दुसरा शब्द सुचत नाही.)

शिकागोहून आय-94, आय-196 आणि पुढे यूएस-31 या रस्त्यांनी सरोवराला दक्षिणेकडून वळसा घालत गेल्यास साधारण चार तास लागतात. वाटेत घड्याळ एक तास पुढे जाते, हे लक्षात न ठेवल्यास पहाटेची सर्वांत मोलाची वेळ हातची जाते. बंदर पेर मार्केट नावाच्या छोट्या तलावात आहे. तिथून एका अरुंद वाटेने, धक्क्यावरचा दीपस्तंभ उजव्या हाताला ठेवून, बोट मिशिगन सरोवरात निघते. आम्ही उत्तरेकडे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बिग सेबल दीपगृहाच्या दिशेने गेलो.

या सरोवरातला सॅमन मूळचा इथला नव्हे. समुद्रातून आत शिरलेल्या एलवाइफ माशांची संख्या बेसुमार वाढल्यावर राज्याच्या मत्स्यविभागाचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने 1966 साली कोहो सॅमनची पिल्ले प्लॅट नदीत आणि बेअर क्रीकमध्ये सोडली गेली. पुढच्या वर्षी चिनूक ही सॅमनची दुसरी जात आली. आजही चिनूक मुख्यतः एलवाइफवरच जगतो आणि उन्हाळ्यात थंड पाण्याच्या थराला धरून राहतो. कोहो आणि स्टीलहेड (ट्राउटचा एक प्रकार) मात्र पुष्कळदा त्याच्या वरच्या, किंचित उबदार पाण्यात फिरतात. स्लायडरचे सगळे प्रयोजन इथेच आहे: खालचा स्पून (चमच्यासारखे धातूचे आमिष) चिनूकसाठी आणि अधल्यामधल्या पाण्यातला दुसरा स्पून या दोघांसाठी.

डाउनरिगरमध्ये पोलादी तारेला शिशाचा जड गोळा असतो. आमचा 12 पौंडांचा होता. गोळ्याजवळच्या चिमट्यात रॉडचे तंगूस अडकवून गोळा हव्या त्या खोलीला सोडायचा, मासा लागला की तंगूस चिमट्यातून सुटते. गोळा 80 फुटांवर असला तरी रॉडच्या टोकापासून चिमट्यापर्यंतचे तंगूस सरळ रेषेत राहत नाही. बोटीच्या वेगामुळे पाण्याचा रेटा त्याला मागे ढकलतो आणि त्याला मोठा पोट असलेला बाक येतो. मोकळा सोडलेला स्लायडर घसरत जाऊन या पोटाशी थांबतो. म्हणजे 80 फुटांच्या गोळ्यावर तो साधारण 30 ते 40 फुटांवर चालतो. नेमकी खोली वेग आणि तंगुसाची जाडी यांवर ठरते.

आम्ही केलेली बांधणी अशी. रॉडवर 30 पौंडी मोनोफिलामेंट (साधे तंगूस), त्यावर एक मणी, मग बॉल-बेअरिंग स्विवेल (फिरती कडी) आणि पुढे सहा फूट फ्लुरोकार्बनच्या लीडरवर, म्हणजे शेवटच्या तुकड्यावर, मूळ स्पून. स्लायडरसाठी 20 पौंडी फ्लुरोकार्बनचा चार फुटांचा तुकडा, दोन्ही टोकांना स्नॅप-स्विवेल (उघडझाप होणारा आकडा असलेली फिरती कडी), एका टोकाला हलका, लहान स्पून. स्लायडर घसरत खाली आला की मण्याशी अडतो. मणी नसेल तर त्याचा आघात थेट गाठीवर होतो. स्लायडरची लांबी मूळ लीडरपेक्षा कमी ठेवावी, म्हणजे दोन्ही स्पून एकमेकांत गुंतत नाहीत. ती रॉडच्या लांबीहून तर कधीच जास्त असू नये, नाहीतर मासा जाळीपर्यंत ओढता येत नाही. मूळ स्पून बोटीमागे सोडून तंगूस चिमट्यात अडकवल्यावर गोळा दहा-पंधरा फूट खाली न्यावा, मग स्लायडरचा मोकळा स्नॅप तंगुसावर अडकवून स्पून पाण्यात टाकावा आणि तो गिरक्या न घेता मागे जातो आहे हे पाहूनच गोळा पुढे सोडावा. ही घाई पहिल्या दिवशी आम्हाला नडली. एका रॉडवरचा स्लायडर मूळ तंगुसाला वेढे घालून बसला होता आणि ते आम्हाला दीड तासाने कळले.

पहिल्या दिवशी खालच्या स्पूनवर दोन चिनूक मिळाले. स्लायडरवर तीन मासे लागले आणि तिन्ही सुटले. याचे कारण आम्ही रात्री बसून शोधले आणि मला वाटते, या साऱ्या प्रकारात शिकण्यासारखे मुख्य तेच आहे. खालच्या स्पूनला मासा लागला की तंगूस सुटते, रॉड उसळतो आणि थोड्याच वेळात माशाच्या वजनाने पुन्हा वाकतो. स्लायडरला मासा लागला की तंगूस चिमट्यातून सुटते, रॉड सरळ होतो आणि सरळच राहतो, कारण स्लायडर माशासह तंगुसावरून मोकळा घसरत असतो आणि तो मण्याशी अडेपर्यंत हाताला काहीच लागत नाही. ‘गेला’ असे समजून आम्ही तिन्ही वेळा रीळ थांबवले होते.

दुसऱ्या दिवशी नियम ठरवला: रॉड उसळला की तो हातात घेणाऱ्याने काहीही जाणवो वा न जाणवो, वजन लागेपर्यंत शक्य तितक्या वेगाने रीळ फिरवत राहायचे. सकाळी सातच्या सुमारास एक रॉड सरळ झाला. मित्र रीळ फिरवत होता, तंगूस सैलच होते, आणि बोटीमागे शंभर फुटांवर एक स्टीलहेड पूर्ण पाण्याबाहेर उसळला. तो आमचाच होता, हे रॉडला आणखी काही क्षणांनी कळले. त्या क्षणाचा आनंद मी अजून विसरलो नाही. त्यानंतर स्लायडरवर दोन कोहोही आले.

आणखी काही गोष्टी त्याच दिवशी सुधारल्या. चिमट्याचा ताण कमी केला, कारण घट्ट चिमटा मधल्या माशाच्या ओढीने सुटत नाही आणि छोटा मासा तसाच ओढला जात राहतो. तरीही दर अर्ध्या तासाने एक रॉड वर घेऊन तपासावा. रॉड चांगला वाकेपर्यंत तंगूस ताणून ठेवावे. वळणे रुंद घ्यावीत; अरुंद वळणात आतल्या बाजूचे तंगूस सैल पडते आणि स्लायडर गुंततो. आमचा वेग ताशी अडीच मैलांच्या आसपास होता.

मासे एकाच खोलीवर लागत असतील तर मोकळ्या स्लायडरऐवजी बांधलेला स्लायडर चांगला. चिमट्यापासून दहा-पंधरा फूट वर तंगुसाला बारीक रबरबँडची गाठ मारून तिच्यात स्नॅप अडकवावा. मासा ओढतो तेव्हा रबर तुटते आणि स्लायडर घसरू लागतो. खोली माहीत नसताना मात्र मोकळाच बरा.

जाळी टाकताना फार जपावे. मासा कुठल्याही स्पूनवर असला तरी दुसरा स्पून त्याच्या शेजारी लोंबत येतो आणि त्याचा त्रिशूळ गळ जाळीत किंवा हातात शिरतो. आम्ही सर्व स्लायडरांवर एकेरी गळ लावले आणि पक्कड हाताशी ठेवली.

मिशिगनच्या नियमांनुसार एका माणसाला तीन दोऱ्या आणि त्या सर्वांवर मिळून सहा गळ चालतात. स्पून एक गळ म्हणून मोजला जातो. म्हणजे तिन्ही रॉडवर प्रत्येकी एक स्लायडर लावला की मर्यादा भरते आणि सातव्या आमिषाला जागा उरत नाही. नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या वर्षीची पुस्तिका पाहावी.

वाऱ्याकडेही लक्ष द्यावे. या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस वाहिला की वरचे उबदार पाणी किनाऱ्यापासून दूर, सरोवराच्या आत ढकलले जाते आणि थंड पाणी किनाऱ्याजवळ वर येते; मग स्लायडरचा पट्टाही वर सरकतो आणि 80 फुटांचा गोळा कालच्यासारखा उपयोगी राहत नाही. तापमान मोजून गोळ्याची खोली ठरवावी.

स्लायडर घरूनच बांधून आणावेत. डोलणाऱ्या बोटीवर ओल्या बोटांनी गाठी नीट बसत नाहीत. आम्ही आठ बांधून फोमच्या तुकड्यावर गुंडाळून नेले होते, त्यांपैकी तीन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वळून निकामी झाले, म्हणून पुढच्या वेळी बारा नेणार आहोत.