बोस्टनच्या बर्फाआधीचा अलाहाबादी बर्फ

1833 च्या सप्टेंबरात ‘टस्कनी’ नावाचं अमेरिकन जहाज कलकत्त्याच्या धक्क्याला लागलं. 12 मे रोजी बोस्टनहून निघताना त्यात 180 टन बर्फ भरला होता. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून, आफ्रिकेला वळसा घालून आल्यावर त्यातला जवळजवळ 100 टन शाबूत होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंकने बर्फासोबत आलेल्या विल्यम रॉजर्सला चांदीचा पेला बहाल केला.

एवढी गोष्ट आताशा बऱ्याच जणांना माहीत असते. सांगताना एक तपशील मात्र गळतो. कलकत्त्यात त्याआधीही बर्फ विकला जात होता आणि तो हुगळीच्या काठी, उघड्या शेतात तयार व्हायचा. यंत्र नाही, हिमशिखर नाही, आणि हवेचं तापमान शून्याच्या वर. माझ्या मते या इतिहासातला खरा थक्क करणारा भाग हा आहे, म्हणून आधी तोच नीट सांगतो.

सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सैन्याधिकाऱ्याने अलाहाबाद आणि कलकत्ता भागात चालणारी ही कृती 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून पाठवली. या मुलखात कुठल्या डबक्यात किंवा हौदात आपोआप बर्फ धरलेला कुणी पाहिल्याचं ऐकलं नाही, असंही त्याने नोंदवून ठेवलं. हंगाम डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी, एवढाच.

मोकळ्या मैदानात साधारण 30 फूट लांब-रुंद आणि 2 फूट खोल असा चौकोनी खड्डा खणायचा. त्यात 8 इंच ते फूटभर जाडीचा उसाच्या चिपाडांचा किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा थर पसरायचा. त्यावर मातीचे उथळ परळ एकमेकांना खेटून ओळीने मांडायचे. हे परळ बिनझिलईचे, पाव इंच जाड आणि सव्वा इंच खोल असत. पाणी आधी उकळून, निववून ठेवलेलं असे. संध्याकाळी, अंधार पडताना, ते परळांत ओतायचं. पहाटे सूर्य वर यायच्या आत माणसं खड्ड्यावर हजर होत आणि धरलेला बर्फ टोपल्यांत गोळा करत. कधी सगळे परळ गोठलेले, कधी अर्धवट, कधी नुसतंच पाणी. ते त्या रात्रीच्या आभाळावर असे.

साठवण वेगळ्या खड्ड्यात. उंचवट्यावरच्या कोरड्या जागी 14-15 फूट खोल खणून आत गवताचं अस्तर आणि त्यावर जाडंभरडं कांबळं लावायचं. सकाळचा बर्फ त्यात टाकून धुमसाने ठोकून घट्ट करायचा. ठोकल्यावर तुकड्यांमधली हवा निघून जाते, तुकडे एकमेकांना धरतात आणि एकसंध गोळा होतो. सुटा बर्फ ठेवला तर प्रत्येक तुकडा चहूबाजूंनी वितळतो. तोंडावर पुन्हा गवत, कांबळं आणि सगळ्यावर गवती छप्पर. हाच माल उन्हाळ्यात बाहेर निघे.

आता यात गोठवतं कोण? बार्करला वाटलं बाष्पीभवन, म्हणजे उन्हाळ्यात माठ पाणी गार करतो तोच प्रकार. पण कारागिरांचा अनुभव उलटा होता. चिपाडं ओली झाली तर बर्फ धरत नसे, ती काढून कोरडी घालावी लागत. वारा सुटला तर बर्फ धरत नसे. बाष्पीभवन हे मुख्य कारण असतं, तर ओलाव्याने आणि वाऱ्याने काम सोपं झालं असतं. काही ठिकाणी तर बर्फ सहज सुटावा म्हणून परळांना आतून तुपाचा हात लावत. म्हणजे मातीची छिद्रं बुजली तरी चालत होतं. लंडनमधला डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स याने दवावर निबंध लिहिला, तो 1814 चा. त्यात त्याने नेमके हे मुद्दे पकडले आणि उत्तर दिलं: पाणी आपली उष्णता थेट आभाळाकडे फेकतं.

रात्री निरभ्र, कोरड्या आभाळाखाली उघडी वस्तू उष्णता बाहेर टाकत राहते आणि वरून परत फार थोडी येते. मग ती वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. ढग किंवा दमट हवा असली की तीच उष्णता परत खाली पाठवते, आणि खेळ संपतो. एका चौरस मीटरमधून 80 वॅट निव्वळ उष्णता जाते असं धरलं, तर 10 तासांत सुमारे 29 लाख ज्यूल होतात. 12 मिलिमीटर खोल, 10 अंशांचं पाणी शून्यावर आणायला त्यातले 5 लाख जातात. उरलेल्यात फार तर 7 मिलिमीटर पाण्याचा बर्फ होईल, आणि हवा मध्ये काही उष्णता परत देतेच. म्हणून परळ उथळ, म्हणून पाणी थोडं, म्हणून संध्याकाळीच भरायची घाई. घागरभर पाणी ठेवलं असतं तर ती रात्रभर नुसती गार झाली असती. चिपाडांचं काम जमिनीची ऊब अडवण्याचं. त्यांच्यात कोंडलेली कोरडी हवाच ते काम करते, ओली चिपाडं उष्णता सरळ वर आणतात. खड्डा 2 फूट खोल असल्याने वाऱ्यापासून आडोसा मिळतो, पण 30 फूट रुंद असल्याने वरचं आभाळ जवळजवळ पूर्ण उघडं राहतं. एकेक माप विचार करून ठरलेलं आहे. ज्यांनी ते पिढ्यान् पिढ्या घासून काढलं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव यात कुठे येत नाही, याची खंत वाटते.

आपल्याकडचे लोक हे दृश्य दर थंडीत पाहतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे हिमकण झाल्याच्या बातम्या येतात, तेव्हा तापमापक बहुधा शून्याच्या काही अंश वरच असतो. निफाडचे द्राक्षबागायतदार अशाच रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. गवताचं पातं आभाळाकडे उष्णता फेकून हवेच्या खाली उतरतं, कारण तेच.

गार पाण्यासाठी दरबारी मार्ग निराळा होता. अकबराच्या आबदारखान्याची, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या खात्याची, पद्धत ऐन-ए-अकबरीत मापासकट दिली आहे: धातूच्या सुरईत 1 शेर पाणी घालून तोंड बंद करायचं, दुसऱ्या भांड्यात अडीच शेर सोरा (बंदुकीच्या दारूत घालतात तो क्षार) आणि 5 शेर पाणी घालायचं आणि त्यात सुरई पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो. यात पाणी थंडगार होतं, बर्फ मात्र होत नाही. पुढे दरबार लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरांतून, सुमारे 45 कोसांवरून, बर्फ येऊ लागला आणि रुपयाला 2 ते 3 शेर भावाने विकला जाऊ लागला. उन्हाळ्यात तो सगळ्या थरांतले लोक वापरत, अमीर-उमराव वर्षभर.

आता बोस्टनकडे. ‘टस्कनी’वर बर्फ धाडणारा बोस्टनचा व्यापारी म्हणजे फ्रेडरिक ट्यूडर. त्याने 1806 मध्ये पहिला माल वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर पाठवला आणि तो सपशेल बुडाला. जहाजातला बर्फ टिकला होता. बेटावर तो ठेवायला जागाच बांधलेली नव्हती, आणि विकत घेणाऱ्यांना तो घरी सांभाळायचा कसा हे ठाऊक नव्हतं. पुढे कर्जापायी ट्यूडरला तुरुंगातही जावं लागलं. पण धडा त्याने घेतला: आधी बर्फघर, मग जहाज. 1816 मध्ये क्युबातल्या हवानात त्याने बांधलेलं बर्फघर बाहेरून 25 फूट चौरस, आतून 19 फूट चौरस आणि 16 फूट उंच होतं. म्हणजे भिंतीची पोकळी धरून चहूबाजूंनी 3 फूट जाडी. आत सुमारे 150 टन बर्फ मावे. मोरीतून बाहेर येणारं पाणी वेळ लावून मोजायचं आणि त्यावरून भिंतीच्या पोकळीत कुठलं भरण चांगलं ते ठरवायचं, अशी त्याची रीत होती.

हा बर्फ थंडीत गोठलेल्या तळ्यांतून कापून काढत. तळ्यावरचं कामही शिस्तीचं. आभाळातून पडलेला भुसभुशीत बर्फ आधी खरवडून काढावा लागे, कारण तो पांघरुणासारखा वागतो आणि खालचं पाणी गोठू देत नाही. मग घोड्याच्या नांगराने एकमेकांना समांतर चर पाडायचे, फिरून आडवे चर पाडायचे, की चौकटी तयार. हा दात्यांचा नांगर नथॅनिएल वायथने 1825 मध्ये बोस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या फ्रेश पाँड तळ्यावर वापरात आणला. चर तळापर्यंत नेत नसत. घोडा आणि माणसं अजून वर उभी असतात, म्हणून काही जाडी राखायची आणि शेवटी करवत आणि पहारीने लादी सुटी करायची. पाण्यात मोकळी केलेली वाट धरून लाद्या काठीने ढकलत बर्फघरापर्यंत नेत. नांगराचा खरा फायदा वेगापेक्षाही आकारात होता. सगळ्या लाद्या एका मापाच्या झाल्या की त्या फटी न राहता रचता येतात. हातकरवतीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांमधून हवा फिरते आणि ढीग आतून वितळतो.

बर्फाभोवती भरायचा लाकडाचा भुसा न्यू इंग्लंडच्या (बोस्टनभोवतालच्या प्रदेशाच्या) करवतखान्यांतून जवळजवळ फुकट मिळे. बोस्टनहून पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना जाताना पुरेसा माल नसे, नुसतं वजन म्हणून दगडही भरत. त्यामुळे भाडंही स्वस्त. मोफत पाणी, टाकाऊ भुसा आणि रिकामं जहाज, असं हे गणित जुळलं.

जहाजात फळ्यांचं दुहेरी अस्तर देऊन मध्ये आणि लाद्यांभोवती भुसा भरत. वितळलेलं पाणी पंपाने सतत उपसावं लागे. ते तळाशी साचलं तर बर्फ त्यात बुडतो, भुसा भिजतो, आणि भिजलेला भुसा ओल्या चिपाडांइतकाच निकामी. ‘टस्कनी’चं 80 टन नुकसान ऐकायला मोठं वाटतं. पण 1 किलो बर्फ वितळायला 3 लाख 34 हजार ज्यूल लागतात. 80 टनांचा हिशेब 120 दिवसांवर पसरला, तर सगळ्या जहाजात सरासरी अडीच किलोवॅट उष्णता शिरली असा येतो, म्हणजे घरातल्या एखाद्या गिझरइतकी. ढीग मोठा असणं इथे फार उपयोगी पडतं: बाजू दुप्पट केली की बर्फ आठपट होतो, पण उष्णता शिरायला पृष्ठभाग फक्त चौपट मिळतो. याच कारणाने माल 20 टनांचाच असता, तर कलकत्त्याला पोचेपर्यंत तो जवळजवळ सगळा वितळून गेला असता.

कलकत्त्याच्या जकात खात्याने बर्फावरची जकात माफ केली आणि माल रात्री उतरवायला परवानगी दिली. गावच्या लोकांनी वर्गणी काढून बर्फघर उभारलं. हुगळीचा बर्फ यापुढे टिकला नाही. तो पातळ पापुद्र्यांचा, मातकट आणि आभाळाच्या मर्जीवरचा होता. अमेरिकेचा स्वच्छ, घट्ट आणि स्वस्त होता. ज्ञान कमी पडलं असं मला वाटत नाही, एका रात्रीत 7 मिलिमीटर आणि एका तळ्यात दीड फूट, हा फरक कुठल्याच कसबाने भरून निघणारा नव्हता.

मुंबईत 1834 च्या सुमारास हा बर्फ पोचला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, त्यावर ‘मुंबई समाचार’ने फैलावर घेतलं, असा किस्सा सांगतात. फोर्टात सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी घुमटाचं बर्फघर होतं, ते विसाव्या शतकात पाडलं गेलं. मद्रासचं मात्र मरीनाजवळ अजून उभं आहे. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले, आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. तोवर त्याला खिडक्या बसवून राहतं घर बनवलेलं होतं.

1874 मध्ये मद्रासेत आणि 1878 मध्ये कलकत्त्यात बर्फाचे कारखाने निघाले आणि काही वर्षांत बोस्टनची जहाजं थांबली.

परळांची कृती आजही करून पाहता येते. महाबळेश्वर किंवा तशाच थंड, कोरड्या जागी, वाराही नाही आणि ढगही नाही अशी जानेवारीतली रात्र निवडा. झाड, भिंत, छज्जा यांपासून दूर जा, कारण त्यांच्याकडूनही उष्णता येते. फूटभर कोरडा पेंढा किंवा जाड थर्मोकोल खाली घाला. उथळ मातीच्या परळात अर्धा सेंटिमीटरच पाणी ओता. हवा 4-5 अंशांवर उतरली तर पहाटे काठाशी पापुद्रा धरण्याची शक्यता चांगली आहे. दव पडून पेंढा भिजला असेल तर दुसऱ्या रात्री तो बदला, आणि सूर्य उगवायच्या आधी पोचा.