व्हॅनमधला तह

गणपती, संक्रांत, दिवाळी हे सगळ्याच मंडळांचं असतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचा चौथा सण म्हणजे वाइतांगी: इथले मूळ रहिवासी माओरी आणि इंग्रज यांच्यात वाइतांगी या ठिकाणी झालेल्या तहाचा दिवस. ठरवून कोणी सुरू केला नव्हता. 6 फेब्रुवारीची सुटी आहे, उत्तरेला समुद्र आहे, चला, एवढंच. पुढे वर्षानुवर्षं पाच तारखेला दुपारी दोन व्हॅन निघत राहिल्या.

कावाकावाला थांबा ठरलेला. तिथलं सार्वजनिक शौचालय हुंडर्टवासर नावाच्या चित्रकाराने रंगीत फरशा आणि बाटल्या बसवून बांधलंय. लोक मुद्दाम बघायला येतात. तिथे दशम्यांचा डबा उघडायचा, आणि गाडी पुन्हा सुरू झाली की काकांची गोष्ट.

काका मुलाकडे इकडे येण्याआधी कोर्टात भाषांतरकार होते. त्यामुळे त्यांच्या गोष्टीचा नायक ना गव्हर्नर, ना सरदार, नायक भाषांतर. 4 फेब्रुवारी 1840ला हॉब्सन या इंग्रज अधिकाऱ्याने तहाचा इंग्रजी मसुदा हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हातात ठेवला. त्याने आणि त्याच्या मुलाने तो एका रात्रीत माओरीत उतरवला. ‘एका रात्रीत! अरे, आमच्याकडे साध्या खरेदीखताला आठवडा लागायचा!’ मागच्या सीटवरची पोरं हे वाक्य काकांच्या सुरात सूर मिसळून म्हणायची.

इंग्रजीत होतं, सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरीत त्या जागी आलं ‘कावानातांगा’. गव्हर्नरचं झालं कावाना, त्याचा तो कारभार. शिवाय जमिनी, गावं आणि सगळ्या ठेव्यावरची ‘रांगातिरातांगा’, म्हणजे सरदारांचा धनीपणा, शाबूत. पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या केल्या, त्यातल्या बहुतेक माओरी मसुद्यावर. ‘दिवाणजी म्हणून ठेवला, तो वाड्याचा मालक झाला,’ असं म्हणून काका दुसरी दशमी घ्यायचे.

रात्र पाइहियात काढून पहाटे चारच्या आत पोरांना उठवायचं. त्यांना ओढत पूल ओलांडला की अंधारात ते कोरीव सभागृह. तहाच्या शंभराव्या वर्षी, 1940 साली उभं राहिलेलं. पाच वाजता प्रार्थना. आम्हाला बहुधा दारापर्यंतही जागा मिळायची नाही. बाहेर गवतावर, दवाने सपाता भिजवत, थर्मासमधला आल्याचा चहा टोपणात ओतून प्यायचा. उजाडलं की खाली किनाऱ्यावर होड्या. मोठी जवळजवळ छत्तीस मीटर लांब, वल्हवायला निदान शहात्तर माणसं लागतात. शहात्तर वल्ही एकदम पाण्यात बुडतात तो आवाज पोटात ऐकू येतो.

आणि मग भांडण. पहिल्या वर्षी मी घाबरलेच होते. लाल-काळे-पांढरे माओरी झेंडे घेऊन मोर्चा आला, मंत्र्यांना तोंडावर ऐकवलं. मला वाटलं, आता दंगल. शेजारच्या बाईने माझ्या हातात गरमागरम तळलेला पाव ठेवला आणि स्वतः पुन्हा घोषणा द्यायला लागली. तहावर पहिली सही करणारा सरदार होने हेके, आणि पुढे जवळच्या कोरोरारेका गावचा इंग्रजी ध्वजस्तंभ चार वेळा पाडला तोही त्याने आणि त्याच्याच माणसांनी. म्हणजे ही रीत जुनीच. काका एकदा म्हणाले, ‘वसईचा तह 31 डिसेंबर 1802चा. त्या तारखेला आपण काय करतो सांगा.’ कोणी काही बोललं नाही. आम्ही काय करतो ते सगळ्यांनाच माहीत होतं.

एका वर्षी एका मराएवर, म्हणजे माओरींच्या सामुदायिक सभास्थानी, मुक्कामाचं आमंत्रण मिळालं. तिथे पाहुण्यांत बायका पुढे. आमच्या काकू जन्मभर पंगतीच्या शेवटी बसलेल्या. त्या पहिल्या चालल्या, पदर सावरत. भाषणानंतर पाहुण्यांनी गायचं असतं हे आयत्या वेळी कळलं, तेव्हा आम्ही टाळ्यांवर गणपतीची आरती ठोकून दिली. रात्री गाद्या घातल्यावर माझी मुलगी उशीवर बसली, तर तिथल्या आजींनी तिला हळूच उठवलं. डोकं टेकायच्या जागी बसायचं नाही. मुलगी म्हणाली, ‘आपली आजी पण हेच म्हणते, गळू होतं.’ भाषांतर ऐकून त्या म्हाताऱ्या बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्यांनीच तिला ‘तांगाता तिरिती’ हा शब्द दिला: तहामुळे इथे राहायचा हक्क मिळालेली माणसं.

2024च्या नोव्हेंबरात तहाच्या तत्त्वांचा अर्थ नव्याने ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध हजारोंचा मोर्चा चालत वेलिंग्टनला गेला. काका तेव्हा नव्हते. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिल्यांदा कडाक्याचं वाजलं. एकाने लिहिलं, त्यांचं आणि गोऱ्यांचं काय ते, आपण कशाला मध्ये पडा. माझ्या मुलीने उत्तरात त्या आजींनी दिलेले तेवढे दोनच शब्द टाकले. त्यावर आणखी वाजलं. दोघं गट सोडून गेले, एक परत आले.

फेब्रुवारीत व्हॅन एकच निघाली. कावाकावाला डबा उघडला. दशम्या माझ्या हातच्या, जरा वातड झाल्या होत्या. गट सोडून परत आलेल्या त्या गृहस्थांनी तीन खाल्ल्या, आणि गाडी सुरू झाल्यावर मागे वळून पोरांना विचारलं, ‘हं, चार तारखेला काय झालं?’