रिकाम्या चौकटींचे शून्य

आंबोली, २८ जून, रात्रीचे साडेबारा

मुले आत्ता कुठे झोपली आहेत. आज भरलेले नोंदतक्ते काकूंच्या चुलीवर बांधलेल्या दोरीला चिमट्यांनी लावून वाळत ठेवले आहेत आणि त्यांच्या कडेने बसून मी हे लिहिते आहे. पहिल्या रात्री एका मुलाने शाईच्या पेनाने लिहिले आणि अर्धे पान निळ्या डागांत विरघळून गेले. तेव्हापासून सगळे शिसपेन्सिलच वापरतात. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आणि वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावात कागद कोरडा ठेवणे हेच पहिले प्रात्यक्षिक ठरते.

एम. एस्सी. प्राणिशास्त्राचे आठ विद्यार्थी, पाच दिवसांचा मुक्काम आणि एकच काम: सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आणि त्याच्या कडेच्या झाडीत रात्री किती बेडूक आहेत ते मोजणे. आठांचे दोन गट केले आहेत. प्रत्येक गट रात्री आठ ते अकरा या वेळात पाच चौकटी तपासतो. चौकट म्हणजे ५ मीटर बाजूचा चौरस. जांभ्यात खुंटी रुतत नाही, म्हणून दोरीच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागतात. दोघे जण विजेरी घेऊन कडेकडून आत सरकत प्रत्येक पान आणि प्रत्येक कपार पाहतात, तिसरा लिहितो आणि चौथा लिहिणाऱ्यावर छत्री धरतो. बेडकाला हात लावायचा नाही, कारण त्याची कातडी पाणी आणि त्याबरोबर आपल्या हातावरचे डासांचे मलमही शोषून घेते. कोणती चौकट तपासायची ते पेल्यातल्या चिठ्ठ्या काढून ठरते, आणि खरी कुरकुर याच नियमावरून सुरू झाली.

पहिल्या रात्री दहापैकी आठ चौकटी रिकाम्या निघाल्या. निघण्यापूर्वीच वाटाड्या म्हणून येणारे तात्या आभाळाकडे पाहून म्हणाले होते, “पावस उघाडलो, वारो सुटलो. आज कायेक गावाचा नाय तुमका.” आज काही सापडणार नाही हे त्यांचे बोलणे खरे ठरले. पाच पावलांवरच्या डबक्यातून आवाज येत असताना चिठ्ठीत निघालेल्या कोरड्या, उघड्या खडकावर वीस मिनिटे वाकून शोधत राहणे मुलांच्या जिवावर आले होते. एक विद्यार्थिनी काकुळतीने म्हणाली, “मॅडम, इथे काहीच नाही हे दिसतंय ना? मग ती ओळ सोडून देऊ या.”

मी तिला ओळ सोडू दिली नाही, आणि त्यामागे केवळ शिस्त नव्हती. विद्यार्थिदशेत मी स्वतः अशा ओळी सोडल्या होत्या. पुढे प्रबंध लिहायला बसले तेव्हा त्या कोऱ्या जागांचा अर्थ मलाच लागेना: तिथे काही सापडले नव्हते, की आम्ही तिथे पोहोचलोच नव्हतो? ते काम मला टाकून द्यावे लागले आणि ती हळहळ अजून गेलेली नाही.

आज दुपारी कुळथाची पिठी आणि भात जेवून झाल्यावर मी दोन रात्रींचे तक्ते मुलांपुढे ठेवले. वीस चौकटी, त्यांपैकी चौदा रिकाम्या, उरलेल्या सहांत मिळून नऊ बेडूक. त्याच विद्यार्थिनीला दोन्ही प्रकारे सरासरी काढायला सांगितली. वीसने भागल्यावर चौकटीमागे ०.४५ आले आणि सहाने भागल्यावर १.५. रिकाम्या ओळी गाळल्या असत्या तर सड्यावर तिपटीहून अधिक बेडूक आहेत असे आम्ही लिहून मोकळे झालो असतो. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिली. मग तिने जो प्रश्न विचारला त्याने माझा जीव सुखावला: “पण मॅडम, शून्य म्हणजे बेडूक नव्हताच, की होता आणि आम्हाला दिसला नाही?”

हा प्रश्न एका दिवसाच्या सहलीत पडत नाही. सकाळी बसमधून साठ मुले उतरतात, धबधब्यापाशी छायाचित्र काढतात, वनस्पतींची नावे उतरवून घेतात आणि सायंकाळी परततात. नंतर जर्नल एकमेकांची पाहून भरले जाते. अशा सहली मी विद्यार्थी म्हणून केल्या आणि शिक्षक म्हणून नेल्यादेखील. त्या जागेवर दुसऱ्यांदा, निराळ्या हवेत उभे राहायची संधी त्यांत कुणालाच मिळत नाही. इथे मात्र उत्तर शोधायला आजची रात्र हाताशी होती. म्हणून नव्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत, पहिल्या रात्रीच्याच दहा चौकटी पुन्हा तपासल्या.

आज संध्याकाळपासून रिमझिम होती आणि वारा पडला होता. त्या दिवशी रिकाम्या ठरलेल्या आठांपैकी तिघींत आज बेडूक मिळाले. त्यांतली एक चौकट तर तोच उघडा खडक होता. खडकाच्या तळहाताएवढ्या खळग्यात बोटभर पाणी साचले होते आणि त्याच्या काठाशी आंबोली टोड बसला होता. कुशीवर वाघासारखे पट्टे, आणि त्यांवरूनच पडलेले ‘टायगरिना’ हे शास्त्रीय नाव. या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन २००९ साली आंबोलीतूनच झाले आणि आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. जांभ्याच्या अशा उथळ खळग्यांत तो अंडी घालतो. चार दिवस पावसाने दडी मारली की खळगा आटतो आणि सगळी पिढीच सुकून जाते. कडेच्या झाडीतल्या झुडपी बेडकाने, ज्याच्या शास्त्रीय नावातही आंबोली आहे, ही जोखीमच काढून टाकली आहे: त्याच्या अंड्यातून बेडूकमासा बाहेर पडत नाही, थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. एकाच पावसाला दिलेली ही दोन उत्तरे मुलांना काही मीटरांच्या अंतरावर पाहायला मिळाली. वर्गात हे मी कितीदा तरी शिकवले आहे, पण ते ऐकताना कुणी श्वास रोखून धरल्याचे मला आठवत नाही.

खळगा पाहून झाल्यावर ती विद्यार्थिनी पहिल्या रात्रीच्या तक्त्याची प्लास्टिकच्या पिशवीतली प्रत उघडून बसली. शून्य खोडू का, असे विचारील असे मला वाटले होते. तिने विचारले ते वेगळेच: त्या रात्री वारा किती होता आणि पाऊस किती वाजता थांबला हे आम्ही कुठे लिहिले आहे का? आम्ही ते लिहिले नव्हते. तात्यांनी आम्हाला तोंडी सांगितले होते, पण मी तक्त्यात त्यासाठी रकानाच आखला नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी आहे. आर्द्रता मोजायचा ओल्या आणि कोरड्या फुग्याचा तापमापक बरोबर आणूनही मी तो दोन रात्री खोलीतच राहू दिला.

उद्याच्या तक्त्यांत पाऊस, वारा, तापमान आणि आर्द्रता असे चार रकाने वाढवायचे आहेत. मुलांनी आपण होऊन ठरवले आहे की ऐकू आलेले पण न दिसलेले बेडूकही वेगळ्या रकान्यात घ्यायचे, म्हणजे तो पाचवा. आडव्या कागदावर पट्टीने रेघा मारल्या तरच एवढे सगळे बसेल. दोरीवरचा शेवटचा कागद अजून दमटच आहे. तो वाळेपर्यंत दहा पाने आखून होतील.